पंचशीलाची पांढरी पाकळी

पंचशीलाताई खंदारेंना तुम्ही काहीही बोला, त्या हसून सोडून देतील. भाजी खारट झाली म्हणा, परभणीची माणसं फार मोठ्याने बोलतात म्हणा, चालेल. पण त्यांच्या प्लेटमध्ये बाहेरचा जंतू शिरला, असं मात्र चुकूनही म्हणू नका. एकदा एका पोराने म्हटलं होतं. तो आता एका मोठ्या औषध कंपनीत साहेब आहे, आणि अजून कॉलेजात आला की आधी ताईंच्या पाया पडतो आणि मग बाकीच्यांना भेटतो.

भाईंदर पूर्वेच्या त्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर मायक्रोबायोलॉजीची लॅब आहे, आणि लॅबच्या टोकाला एक चिंचोळी खोली. तिला म्हणतात मीडिया रूम. तिथे जंतूंचं जेवण, म्हणजे मीडिया, शिजतं. अगार नावाची पूड पाण्यात उकळायची, त्यात जंतूला आवडेल ते घालायचं, मोठ्या कुकरमध्ये वाफ द्यायची आणि कोमट असतानाच झाकणाच्या चपट्या बशांमध्ये ओतायचं. गार झालं की चायनाग्रासच्या वडीसारखं थरथरतं. ही बशी म्हणजे प्लेट. बावीस वर्षांपूर्वी ताई इथे बाटल्या विसळायला लागल्या. तीन वर्षांनी तेव्हाचे विभागप्रमुख उत्तम सर यांनी एक दिवस पाहिलं, की ही बाई झाकण उघडताना ते पूर्ण उचलत नाही, फटीएवढंच वर करते आणि त्या वेळी श्वासही रोखून धरते. कोणी न शिकवता! सरांनी त्याच आठवड्यात मीडिया रूमची चावी तिच्या हातात दिली.

त्या चावीबरोबर आणखी एक गोष्ट ताईंकडे आली, ती म्हणजे राणी. राणी हा एक जंतू. त्याचं पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, ताई ते बरोबर म्हणतातसुद्धा, पण रोज कोण एवढी जीभ वळवणार? या जंतूची खुबी अशी, की प्लेटवर त्याची रेघ ओढली तर दोन दिवसांनी ती कुंकवासारखी लाल होते. माहेरवाशिणीसारखं जपलं ताईंनी तिला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुन्या नळीतून नव्या नळीत, ताज्या अन्नावर न्यायचं. यात एकोणीस वर्षं खंड नाही. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद होतं, तेव्हासुद्धा नाही. ताईंचे मिस्टर ज्ञानदेव उत्तनच्या बसवर कंडक्टर. ते ड्युटीवर निघाले की ताई त्यांच्याबरोबर बाहेर पडायच्या. नाक्यावर पोलिसाने अडवलं तर सांगायच्या, राणीला खायला घालायचंय. पोलिसाला वाटायचं कुत्री असेल. तो बिचारा म्हणायचा, जा मावशी, मुक्या जिवाचे हाल नकोत.

आणि दरवर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, राणीची रांगोळी. ताटाएवढ्या मोठ्या प्लेटमध्ये ताई तारेच्या टोकाने जंतूंची नक्षी काढतात. गंमत अशी की काढताना काहीच दिसत नाही. जंतू चढवलेली तार अगारवरून फिरते, मागे ओरखडासुद्धा उरत नाही. ठिपके किती, रेघ कुठून कुठे, सगळं डोक्यात धरायचं. मग दोन दिवस वाट बघायची. तिसऱ्या दिवशी कमळ वर येतं.

आता झालं काय, की उत्तम सर निवृत्त होऊन डोंगरीला राहायला गेले आणि जूनमध्ये मिनल मॅडम आल्या. वय तिशीचं, डोकं तल्लख, चालणं भरभर. मनाने वाईट नाहीत हो, पण प्रत्येक गोष्ट त्यांना लेखी आणि खात्रीची हवी. पावसाळ्यात पोरांनी दोनदा प्लेटी उघड्या टाकल्या, त्यांच्यावर हिरवी बुरशी उगवली, आणि मॅडमच्या वहीत दोन्ही वेळा खापर फुटलं मीडिया रूमवर. ताई मनातून धुमसल्या, पण पोरांची नावं काही त्यांनी सांगितली नाहीत.

फेब्रुवारी उजाडला. ताईंची पद्धत अशी, की खऱ्या रांगोळीआधी तीन आठवडे एक रंगीत तालीम करायची. आठ पाकळ्यांचं कमळ काढायचं, आणि प्रत्येक पाकळीसाठी राणीचा वेगळा ठिपका, म्हणजे एकाच जंतूपासून वाढलेली वसाहत, उचलायचा. तोही कोवळा, लाली चढायच्या आधीचा, कारण कोवळ्या ठिपक्याची रेघ साफ उमटते. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्लेट काढली, आणि ती दोनदा फिरवून पाहिली. सात पाकळ्या लालभडक, आठवी पांढरी फटक.

नेमक्या त्याच वेळी मिनल मॅडम आत आल्या. त्यांनी प्लेट उजेडाकडे धरून पाहिली आणि शांतपणे सांगितलं की हे बाहेरचं काहीतरी शिरलंय, प्लेट कुकरमध्ये घालून जंतू मारून टाका. रागावल्यासुद्धा नाहीत, आणि ताईंना तेच जास्त लागलं. वर त्यांनी हेही सांगितलं, की त्यांचा विचार पक्का झालाय. प्रदर्शन झालं की तयार प्लेटी बाहेरून मागवायच्या. मीडिया रूमची चावी तेव्हा ऑफिसात जमा करा, ताईंना मग फक्त बाटल्यांचं काम राहील, तेवढाच त्यांना आराम.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की हात थोडा हलणारच," मॅडम म्हणाल्या.

हात हलणार? ताईंनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. मेला एका केसाएवढा हलत नव्हता. घरी येऊन त्यांनी ज्ञानदेवांसमोर तो धरला, त्यांनाही विचारलं, हलतोय का. ते म्हणाले की हात हलत नाहीये, पण तुझी हनुवटी थरथरतेय. मग मात्र ताईंना रडू आलं. बाटल्या धुण्याची लाज त्यांना कधीच नव्हती. पण एकोणीस वर्षं जिला हातावर वाढवलं, ती राणी आता कोणा परक्याच्या तयार प्लेटीवर जगणार, आणि आपल्या नावामागे काय उरणार, तर हिच्या हातून जंतू शिरायला लागले म्हणून हिला काढली. हे काही त्यांना गिळवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लेट कुकरमध्ये टाकायच्या आधी त्यांनी एक काम केलं. पांढऱ्या पाकळीतून तारेने थोडंसं उचललं. राणीला उकाडा सोसत नाही, फार ऊब मिळाली तर ती लाल व्हायची थांबते, हे त्यांना माहीत होतं. पण मग सगळ्याच पाकळ्या पांढऱ्या झाल्या असत्या. बरं, पोतही राणीचाच, तसाच चकचकीत. मग त्यांना आठवलं, उत्तम सरांनी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात दोन नळ्या ठेवल्या होत्या, चिकटपट्टीवर ‘पांढरी १’ आणि ‘पांढरी २’ असं लिहून. सर म्हणायचे, या राणीच्याच, पण रंग हरवलेल्या. मनात आलं, आपली पाकळी यांच्याशेजारी ठेवून बघू, सारखी दिसते का.

पण राणीच्या आवडीची प्लेट उरली होती एकच, आणि नियम असा की एका प्लेटवर एकच जंतू. हा नियम ताईंनी स्वतः पोरांच्या डोक्यात बडवून बडवून घातलेला. त्या दिवशी तो त्यांनीच मोडला. एकाच प्लेटवर एक रेघ पाकळीची, दुसरी ‘पांढरी १’ची, आणि तुलना नीट व्हावी म्हणून दोन्ही अगदी जवळ, मध्ये जेमतेम काडीपेटीच्या काडीएवढी फट.

तीन दिवसांनी बघतात तर काय, पाकळीच्या रेघेला लाल काठ!

ताईंनी प्लेट उजेडात धरली. त्यांना वाटलं, राणीचाच शिंतोडा उडाला असणार. म्हणजे मॅडमचं खरं, आपला हात गेला. प्लेट कुकरच्या टोपात टाकलीसुद्धा त्यांनी. मग पुन्हा काढली. काहीतरी डाचत होतं. बाहेरून पडलेला जंतू ठिपक्यासारखा कुठेही उगवतो. हा लाल रंग मात्र फक्त एकाच कडेला होता, शेजारणीकडे तोंड असलेल्या कडेला, वरपासून खालपर्यंत, नऊवारीच्या काठासारखा सरळ. घाण कधी इतक्या शिस्तीत पडते का?

मग ताईंनी पदर खोचला. नवीन अगार शिजवला, सहा प्लेटी ओतल्या. पाकळी एकटी, ‘पांढरी १’ एकटी, दोन प्लेटींवर दोघी लांब लांब, दोन प्लेटींवर दोघी जवळ. एकटी असली की पाकळी पांढरीच राहायची. लांब ठेवली तरी पांढरी. जवळ ठेवली की लाल काठ. दर वेळी तेच. आणि लाली चढायची ती पाकळीलाच, ‘पांढरी १’ मात्र कोरीच्या कोरी. ताईंनी सहाच्या सहा प्लेटी एका ट्रेमध्ये मांडल्या आणि मिनल मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.  

मॅडमनी पहिली प्लेट पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहावी प्लेट पाहून त्यांनी विचारलं, हे कोणी सुचवलं? ताई म्हणाल्या, कोणी नाही, प्लेट एकच होती. मॅडम इतक्या जोरात हसल्या की बाहेरची पोरं डोकावून गेली. त्यांनी लगेच फ्रिजमधले दुसरे चार पांढरे जंतू काढले, राणीच्या कुळातले नसलेले, आणि ताईंना सांगितलं की ‘पांढरी १’शेजारी या प्रत्येकाची रेघ ओढा. तीन दिवसांनी त्या चौघांपैकी एकालाही लाली शिवली नव्हती. जी परकी होती ती पांढरीच राहिली. रंग चढला तो फक्त ताईंच्या पाकळीला, म्हणजे ती बाहेरची घाण नव्हती, राणीच्याच कुळातली होती.

मग मॅडमनी ताईंना समोर बसवून समजावलं, आणि समजावण्यासाठी कपाटातलं जाड रजिस्टर मागून घेतलं. त्या रजिस्टरात उत्तम सरांच्या अक्षरात सगळ्या मीडियाची कृती आहे. ताई ते कधी शेगडीजवळ नेत नाहीत. पान उघडतात, चिठ्ठीवर उतरवून घेतात, रजिस्टर परत कपाटात, आणि चिठ्ठी भिंतीला चिकटवून त्यावरून शिजवतात. मॅडम म्हणाल्या, जंतूच्या पोटात अगदी हेच चालतं. डीएनए हे रजिस्टर. त्यातली एकेक कृती म्हणजे जीन. तिची चिठ्ठी उतरते, आणि चिठ्ठी वाचून प्रथिन तयार होतं. हे प्रथिन म्हणजे जंतूचा कामगार. राणीचा लाल रंग दोन अर्ध्या भागांचा बनतो. काही कामगार एक अर्धा करतात, काही दुसरा, आणि शेवटी एक जण दोन्ही जोडतो.

तुमच्या पाकळीच्या रजिस्टरात कुठेतरी एखादं अक्षर आपोआप बदललंय, मॅडमनी सांगितलं. चिठ्ठी उतरतेय, पण चुकीची. त्यामुळे एका अर्ध्याचा कामगार लंगडा निपजतो किंवा निपजतच नाही. बाकी सगळं घर जागेवर. ‘पांढरी १’चं बरोबर उलटं, तिला तो अर्धा येतो आणि दुसरा येत नाही. मग हिचा शिल्लक अर्धा हवेतून शेजारी जातो, आणि पाकळी तो घेऊन रंग पुरा करते. पाकळीचा अर्धा मात्र हवेत उडत नाही, म्हणून ‘पांढरी १’ कोरीच राहते.

ताईंना एका क्षणात कळलं. बीपी रोडच्या चाळीत राहायच्या तेव्हा घरात दूध असायचं आणि विरजण नसायचं, मग शेजारच्या सुलूवहिनींकडून चमचाभर आणलं की सकाळी दही तयार. त्यांनी विचारलं, मग राणी स्वतः का देत नाही शेजारी? मॅडम म्हणाल्या, ती आपलं केलेलं आपणच वापरून टाकते, उरतंय कुठे द्यायला.

"आणि ती पांढरी २?" ताईंनी विचारलं. कारण तीही त्यांनी गुपचूप लावून पाहिली होती, आणि ती कोणाच्याच शेजारी लाल होत नव्हती, कोणाला लाल करतही नव्हती.

 मॅडमनी उत्तम सरांना फोन लावला. सरांनी सांगितलं की त्या नळीतल्या जंतूची अक्षरं त्यांनी मागे एकदा एका मोठ्या लॅबमधून वाचून आणली होती. तिच्या कृतीत एकही चूक नाही. चूक आहे कृतीच्या आधी, जिथून चिठ्ठी उतरवायला सुरुवात होते त्या जागेवर. तिथली अक्षरं गळालीत. चिठ्ठी लिहिणारा येतो, त्याला जागा सापडत नाही, तो निघून जातो. रंगाच्या सगळ्या कृती एकाच चिठ्ठीवर उतरतात, त्यामुळे एकही कामगार तयार होत नाही, आणि शेजारणीने अर्धा दिला तरी तो जोडणार कोण? ताई म्हणाल्या, म्हणजे दूधही नाही आणि भांडंही नाही. फोनवर सर हसायला लागले आणि म्हणाले, मिनल, हे वर्गात असंच शिकव.

एवढं झालं, पण चावीबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत. ताईंनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की या वर्षी रांगोळीत राणी नाही. पांढरं कमळ काढणार, आणि त्याला लाल काठ आणणार. बाहेरची रेघ ‘पांढरी १’ची, आत लगेच त्या पांढऱ्या पाकळीच्या जंतूची. मॅडम म्हणाल्या, ताई, फेब्रुवारीची थंडी आहे, रंग वेळेवर चढला नाही तर पाहुण्यांना नुसती पांढरी बशी दाखवावी लागेल. ताई म्हणाल्या, चढेल.

म्हणाल्या खऱ्या, पण काढताना कपाळावर घाम. आठ पाकळ्या, प्रत्येक दोन रेघांची, मध्ये काडीएवढी फट, आणि सगळं न दिसणारं. रेघ रेघेला चिकटली की काम बिघडलं, लांब गेली की लाली नाही. दोन तास लागले. मग झाकण बंद करून त्यांनी केबिन रोडवरून आणलेल्या रुंद टेपने कडा सील केल्या, आणि प्लेट फ्रिजच्या डोक्यावर ठेवली. तिथे मोटरची हलकी ऊब असते, जास्त नाही, राणीच्या कुळाला सोसेल इतकीच. ही जागा कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळी सात वाजता ताई हजर. कमळ आलं होतं, देखणं, पण पांढरंशुभ्र. आठ वाजले, पांढरं. नऊ वाजता टेबलं मांडली, पोरांनी आपापले तक्ते लावले, पांढरं. साडेनऊला मॅडम येऊन बघून गेल्या आणि हळूच म्हणाल्या की कपाटात राणीची एक साधी प्लेट आहे, लागली तर ठेवू. ताई म्हणाल्या, थांबू अजून. पाहुणे अकराला येणार होते. ताईंना वाटायला लागलं, कुठून हा हट्ट केला, गपचूप चावी देऊन मोकळी झाले असते तर बरं झालं असतं.

दहाच्या सुमाराला गेटवरचा धाकू वर चहा घेऊन आला. धाकू मुर्ध्याचा, खाडीकाठचा माणूस, नजर माशाच्या डोळ्यापर्यंत पोचणारी. तो प्लेटवर वाकला.

"कडंला लाली हाय गो ताय," तो म्हणाला.

ताईंना काही दिसेना. धाकूने बोट दाखवलं. मग दिसलं. एका पाकळीच्या कडेला, लहान पोराच्या नखाएवढं गुलाबी. त्यानंतर त्या तिथून हलल्याच नाहीत. चहा गार झाला. साडेदहाला तीन पाकळ्या, पावणेअकराला सहा. पाहुणे जिना चढत होते तेव्हा आठव्या पाकळीची कडा भरली, आणि पांढऱ्या कमळाला सगळीकडून लाल काठ आला. पोरांनी एकच गिल्ला केला. ज्ञानदेव ड्युटी बदलून आले होते, कंडक्टरच्या खाकी कपड्यातच, आणि ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले की ही आमची मंडळी. उत्तम सर डोंगरीहून आले होते. त्यांनी प्लेट पाहिली आणि ताईंच्या उजव्या हातावर थोपटलं. पाहुण्यांनी विचारलं की रंग कोणता वापरलाय. मॅडम म्हणाल्या, ज्यांनी काढलं त्यांनाच विचारा. मग ताई बोलल्या, रजिस्टर, चिठ्ठी, विरजण, सगळं, परभणीच्या खणखणीत आवाजात, आणि तीन वर्गांची पोरं उभी राहून ऐकत होती.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर ताईंनी पर्समधून चावी काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. प्रदर्शन झालं की जमा करायची, असंच ठरलं होतं. मॅडमनी ती बाजूला सरकवली आणि एक नवी नळी पुढे केली, पाकळीच्या जंतूची, वर कोरी चिकटपट्टी. म्हणाल्या की आपल्यात रिवाज आहे, नवा जंतू ज्याला सापडला त्याच्या नावाने तो ओळखायचा. ही नळी आता जिथे जाईल तिथे हेच नाव जाईल. तेव्हा लिहा.

बावीस वर्षांत ताईंनी हजारो नळ्यांवर नावं लिहिली होती. सरांची, मॅडमची, पोरांची, जंतूंची. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘पंचशीला १’. तेव्हा मात्र हात थोडा हलला. मग त्यांना एकदम काळजी वाटली.

"मॅडम, हिला दर महिन्याला ताज्या अन्नावर न्यायला लागेल. कोणी विसरलं तर माझं नाव मरेल की हो."

"म्हणून तर म्हणतेय, चावी उचला," मिनल मॅडम म्हणाल्या. "आणि त्या हात हलण्याच्या बोलण्याबद्दल माझं चुकलं."

ताईंनी चावी उचलली, कमरेला खोचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्चचा पहिला सोमवार बघितला. तिथे आधीच लिहिलेल्या राणीच्या नावापुढे त्यांनी ‘पंचशीला १’ असं स्वतःचंही नाव लिहिलं, आणि अगार शिजत टाकायला आत गेल्या.